परिचारिकांची नोंदणी व परिचारिकांचा अधिकार

इस्पितळें बांधण्याच्या कामीं आमच्या व्यापारी वर्गाचा हात आखडला, असें त्याचा शत्रूही म्हणणार नाहीं. मुंबईचें जे. जे. म्हणा, कामा म्हणा, पुण्याचें ससून म्हणा, इमारतीच्या कपाळावर जें नांव कोरलेलें आहे तें व्यापारी घराण्याचें आहे. आजही जिल्ह्याजिल्ह्यांतून ज्या धर्मादाय संस्था रुग्णालयें चालवितात, त्यांच्या विश्वस्तमंडळांत कापड, धान्य, सराफी यांच्या पेढ्यांवरील मंडळी पुष्कळ सांपडतील. म्हणून आज जो विषय आम्हीं हातीं घेतला आहे तो डॉक्टरांस किंवा सरकारास उद्देशून नसून मुख्यतः या मंडळींस उद्देशून आहे. इमारत दात्याची, नांव डॉक्टराचें. पण रात्रीं दोन वाजतां रोग्याचा श्वास अडकला म्हणजे जी धांवत येते ती परिचारिका. ती कोण, काय शिकलेली, तिच्यावर किती रोग्यांचा भार, तिला पगार काय आणि तिच्या शब्दास किंमत किती, याची चौकशी विश्वस्तांच्या सभेंत सहसा होत नाहीं. नव्या यंत्राच्या किंमतीवर तीन तास वाद चालतो. परिचारिकांचा विषय चिटणिसांच्या टिपणांत एका ओळींत उरकतो.

प्रथम ‘नर्स’ या शब्दाचा घोंटाळा दूर केला पाहिजे. आमच्या बोलण्यांत इस्पितळांत गणवेष घालून वावरणारी प्रत्येक बाई नर्स होते. कायद्यास हें मान्य नाहीं. काळा झगा अंगावर घातल्यानें कोणी वकील होत नाहीं, त्यास सनद लागते. तशीच परिचारिकेस नोंदणी लागते. ही कल्पना नवी नव्हे. मुंबई इलाख्यांत परिचारिका व सुइणी यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ सालींच झाला. सर्व देशासाठीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ सालीं आला. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६६ सालचा आहे. आणि १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठीं संसदेनें २०२३ सालीं राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा मंजूर केला. या शेवटल्या कायद्यानें नोंदणीवांचून परिचर्येचा व्यवसाय करणारास एक वर्षापर्यंत कैद, किंवा पांच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कायदेमंडळ ज्या धंद्याच्या तोतयास तुरुंग दाखवितें, तो धंदा हलका समजण्याचा अधिकार निदान कायदा मानणाऱ्या नागरिकास उरत नाहीं.

ही नोंदणी फुकट मिळत नाहीं. बारावी उत्तीर्ण होऊन साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा, म्हणजे ए. एन. एम. चा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ‘जनरल नर्सिंग’ म्हणून जो ओळखला जातो तो तीन वर्षांचा. बी. एस्सी. नर्सिंगची पदवी चार वर्षांची, आणि तिच्यासाठीं बारावीस भौतिकशास्त्र, रसायन व जीवशास्त्र घेतलेलें असलें पाहिजे. जनरल नर्सिंग झालेलीस आणखी दोन वर्षें शिकून पदवी घेतां येते, त्यापुढें एम. एस्सी. दोन वर्षांची. या शिक्षणांत शरीररचना, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र व प्रसूतिशास्त्र हे विषय आहेत. आणि शेंकडों तास प्रत्यक्ष रोग्याच्या खाटेपाशीं उभें राहून काढावयाचे असतात. पुरुषांसही हा मार्ग मोकळा आहे व कित्येक पुरुष तो चोखाळीत आहेत. इतकें झाल्यावर राज्य परिषदेच्या पटावर नांव चढतें, तेव्हां कोठें ती ‘नोंदणीकृत परिचारिका’ होते.

आतां प्रत्यक्ष व्यवहार काय आहे? लहान गांवचीं व शहरांच्या गल्ल्यांतून निघालेलीं नर्सिंग होम्स ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस सांगावयास नको. शाळा सोडलेली एखादी गरीब मुलगी मावशी म्हणून कामास लागते, सहा महिन्यांत सलाईन लावावयास शिकते, आणि वर्षभरानें तिला गणवेष मिळतो. दोष त्या मुलीचा नाहीं. ती पोटासाठीं जें सांगितलें तें करते. दोष ठेवणाऱ्याचा, व त्याहूनही न विचारणाऱ्याचा आहे. दागिन्यावर हॉलमार्कचा शिक्का आहे कीं नाहीं हें भिंग लावून पाहणारे आमचे सराफबंधु स्वतःच्या आईच्या शिरेंत औषध सोडणाऱ्या हातामागें नोंदणी आहे काय, हें एकदांही विचारीत नाहींत! याबाबत कायदा मुका आहे असेंही नाहीं. १९४९ सालच्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यांत, रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांमध्यें पात्र परिचारिकांचें योग्य प्रमाण नसेल तर त्या गृहाची नोंदणी नाकारतां येते. इतकेंच नव्हे, तर अशा गृहाचें व्यवस्थापन पात्र डॉक्टराच्या हातीं असावें किंवा पात्र परिचारिकेच्या, असा पर्याय त्या कायद्यानें ठेवला आहे. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षें होतात न होतात तोंच केलेल्या कायद्यास परिचारिका इस्पितळाची चालक होऊं शकते हें सुचलें. आमच्या संस्थांस तें अद्याप सुचावयाचें आहे.

तें कां सुचत नाहीं, याचें मूळ आमच्या घरांत आहे. रोग्याचें मलमूत्र काढणें, परक्या पुरुषाच्या अंगास हात लावणें, रात्रीं घराबाहेर राहणें, या तीन गोष्टींनीं हा धंदा भल्या घरच्या स्त्रीस वर्ज्य ठरविला होता. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करतां करतां स्वतः त्याच रोगास बळी पडल्या. ज्या पुण्यानें त्यांच्यावर शेणमाती फेंकली होती, त्याच पुण्याच्या परिसरांतील रोगी त्या उचलीत होत्या. पुढें रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें आणि तेथील स्त्रिया ससून इस्पितळांत परिचर्येचें शिक्षण घेऊं लागल्या. उच्चवर्णीय विधवेनें इस्पितळांत जाऊन कोणाही जातीच्या रोग्याची जखम धुवावी, हें त्या काळीं केवढें बंड वाटलें असेल याची कल्पना आज येणें कठीण आहे. तरीही प्रगति कूर्मगतीची होती. १९४६ सालीं भोर समितीनें हिशेब मांडला तेव्हां ब्रिटिश हिंदुस्थानांत सुमारें ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागें एक. समितीनें पुढें ठेवलेलें ध्येय ५०० लोकांमागें एक हें होतें. आज देशांतील पटांवर परिचारिका व साहाय्यक परिचारिका मिळून तेहतीस लाखांवर नांवें आहेत. परंतु पटावरचें नांव म्हणजे खाटेपाशींचा हात नव्हे. त्यांतील कित्येकजणी परदेशीं आहेत, कित्येकींनीं लग्नानंतर काम सोडलें आहे, आणि कित्येकजणी पगार ऐकून दुसऱ्या धंद्यांत गेल्या आहेत.

आणि मत तरी पुरतें कोठें बदललें आहे? मुलगी डॉक्टर झाली तर पेढे वांटावयाचे. नर्स होतें म्हणाली तर ‘रात्रपाळी असते, सोयरीक जुळणार नाहीं’ म्हणून गप्प बसवावयाचें. मग आमचीं इस्पितळें केरळच्या मुलींनीं चालवावीं, व त्यांच्या बोलींतील मल्याळी हेलांची नक्कल करून आमच्या नाटक-चित्रपटांनीं हंशा पिकवावा, हा क्रम पुष्कळ वर्षें चालला आहे. २०१४ सालीं इराकांतील तिक्रित येथें युद्धांत सांपडलेल्या ४६ भारतीय परिचारिका सुखरूप परत आल्या, तेव्हां सर्व देशास आनंद झाला. त्या तेथें कां गेल्या होत्या, हें मात्र फार थोड्यांनीं विचारलें.

परिचारिकेच्या धंद्यांत वर चढण्याची एक शिडी आहे, हें पुष्कळांस ठाऊकही नसेल. आमच्या सरकारी इस्पितळांत पहिली पायरी अधिपरिचारिकेची. तिच्यावर परिसेविका, म्हणजे जिला लोक वॉर्डची ‘सिस्टर’ म्हणतात ती. तिच्यावर साहाय्यक अधिसेविका. आणि शेवटीं अधिसेविका, म्हणजे मेट्रन. खासगी संस्थांतून हींच पदें ‘नर्सिंग सुपरिंटेंडेंट’, ‘नर्सिंग मॅनेजर’ अशा नांवांनीं वावरतात. परिसेविकेचें काम पाहावें. कोणत्या पाळीस कोण हें ती ठरविते. आजारी पडलेल्या परिचारिकेच्या जागीं दुसरी कोठून आणावी हा घोर तिला. मॉर्फिनसारखीं औषधें कुलुपांत ठेवून त्यांचा थेंबाथेंबाचा हिशेब तिनें द्यावयाचा. पाळी बदलतांना एकीनें दुसरीस प्रत्येक रोग्याची हकीकत सांगितली कीं नाहीं, सुया कोणत्या डब्यांत टाकल्या, हात धुतले गेले कीं नाहीं, चादरी धुवून आल्या कीं नाहीं, नवशिक्या डॉक्टरानें लिहिलेली मात्रा चुकीची तर नाहीं, हें सर्व तिनें पाहावयाचें. ज्या गृहस्थांनीं पन्नास माणसांची पेढी चालविली आहे त्यांस या कामाची जात सहज ओळखतां येईल. फरक एवढाच कीं पेढीवर चूक झाली तर रक्कम बुडते.

एवढ्या कामास पात्रता काय लागते, असा प्रश्न केला तर उत्तर समाधानकारक मिळत नाहीं. सरकारी चाकरींत ज्येष्ठतेच्या वाटेनें बढती येते. तिच्यांत न्याय आहे, पण तेवढ्यानें भागत नाहीं. रोग्याच्या खाटेपाशीं अत्यंत कुशल असलेली स्त्री तीस माणसांच्या पाळ्या, अंदाजपत्रक व शिस्त यांतही कुशल असेलच असें नाहीं. तें वेगळें शिक्षण आहे, आणि तें बढतीपूर्वीं दिलें पाहिजे. पदवीच्या व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत परिचर्येचें व्यवस्थापन हा विषय आहे. म्हणजे विद्या उपलब्ध नाहीं असें नाहीं, ती नेमणुकीच्या वेळीं मागितली जात नाहीं. खासगी संस्थांतून तर मालकाची मर्जी हीच पात्रता. कोठें वीस वर्षें राबलेल्या बाईस डावलून परिचर्येचा गंध नसलेला व्यवस्थापक तिच्या डोक्यावर बसवितात. कोठें कमी पगारांत राजी होणारी दोन वर्षांच्या अनुभवाची मुलगी ‘मॅनेजर’ म्हणून नेमतात. नांव मोठें, खुर्ची नाहीं!

आमचा मुख्य आक्षेप मात्र याहून खोल आहे. वॉर्डास परिचारिका किती हें ती ठरवीत नाहीं. खर्चाच्या चर्चेस तिला बोलावीत नाहींत. विजेच्या तारा, प्राणवायूची नळी, आग विझविण्याचीं साधनें यांपैकीं एकही गोष्ट तिच्या हातांत नाहीं. पण अनर्थ झाला म्हणजे पहिलें नांव तिचें निघतें. ९ जानेवारी २०२१ रोजीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षास आग लागून दहा अर्भकें दगावलीं. पुढें दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षीं ६ नोव्हेंबर रोजीं अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षास आग लागून अकरा रोगी मृत्यु पावले. थोड्याच दिवसांत एक महिला डॉक्टर व तीन परिचारिका यांस अटक झाली. दोष कोणाचा याचा निर्णय न्यायालयानें करावयाचा असून त्यांत आम्हीं बोट घालीत नाहीं. कामावर हजर असण्याचें कर्तव्य कोणासही माफ नाहीं, हेंही आम्हांस मान्य आहे. परंतु २००५ सालच्या जेकब मॅथ्यू खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निष्काळजीपणाच्या आरोपावरून डॉक्टरास सरसहा अटक करूं नये, आधीं तज्ज्ञाचें मत घ्यावें, असा दंडक घालून दिला, त्यांतील तत्त्व खाटेपाशीं उभ्या असलेल्या परिचारिकेस लागू नाहीं काय? आणि ज्यांच्या सहीवांचून एक दिवाही बदलत नाहीं, ते मात्र चौकशीच्या यादींत शेवटीं सांपडावे, हा कोणता न्याय?

परिचारिकेच्या निर्णयशक्तीस आमच्या न्यायासनानें एकदां फार मोठा मान दिला आहे, त्याची येथें आठवण देतों. के. ई. एम. इस्पितळांतील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं त्याच इस्पितळांत पाशवी अत्याचार झाला व त्या निश्चेष्ट झाल्या. १८ मे २०१५ रोजीं त्यांचा अंत होईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनीं त्यांची शुश्रूषा केली. त्यांस मरूं द्यावें काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला तेव्हां मार्च २०११ च्या निकालांत न्यायालयानें सांगितलें कीं त्यांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार बाहेरून अर्ज करणारांचा नसून, ज्यांनीं रात्रंदिवस त्यांस सांभाळलें त्या के. ई. एम. च्या कर्मचारीवर्गाचा आहे. जीवनमरणाच्या प्रश्नावर ज्यांचा शब्द न्यायालय ऐकतें, त्यांचा शब्द वॉर्डांत आणखी दोन परिचारिका हव्या एवढ्या प्रश्नावर विश्वस्तांनीं ऐकूं नये, हें विलक्षण आहे.

संख्येचा हिशेब व्यापाऱ्यांनींच तपासावा. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक असा कीं, शिक्षण देणाऱ्या इस्पितळाच्या सामान्य विभागांत तीन खाटांमागें एक परिचारिका, व इतर इस्पितळांत पांच खाटांमागें एक. हा आंकडा ऐकून कित्येक मालक चकित होतात. त्यांस वाटतें, प्रत्येक पाळीस तीन रोग्यांमागें एक! तसें नाहीं. दिवसास पाळ्या तीन. म्हणजे पंचेचाळीस खाटांच्या विभागास पहिल्या मापानें पंधरा परिचारिका, व एका वेळीं हजर पांच. दुसऱ्या मापानें नऊ, व एका वेळीं तीन. आठवड्याची सुटी, आजारपण, बाळंतपण यांसाठीं शेंकडा ३० अधिक धरावयाच्या असतात, आणि नेमकी हीच बेरीज आमचीं इस्पितळें विसरतात. मग एकच बाई चाळीस रोगी सांभाळते आणि रोग्याचे नातेवाईक ‘सिस्टर लक्ष देत नाहींत’ म्हणून तिच्या अंगावर धांवून जातात.

पगाराची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. खासगी इस्पितळांतील परिचारिकांच्या स्थितीसंबंधीं ट्रेंड नर्सेस असोसिएशननें केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २९ जानेवारी २०१६ रोजीं केंद्र सरकारास समिति नेमावयास सांगितलें. त्या समितीनें शिफारस केली कीं २०० हून अधिक खाटांच्या इस्पितळानें सरकारी परिचारिकेइतकाच पगार द्यावा; १०० ते २०० खाटांच्या इस्पितळानें त्याहून शेंकडा १० पेक्षां अधिक कमी देऊं नये; ५० ते १०० खाटा असल्यास शेंकडा २५ पेक्षां अधिक कमी नसावा; आणि त्याहून लहान इस्पितळांतही दरमहा २०,००० रुपयांच्या खालीं जाऊं नये. केरळ सरकारनें २०१८ सालीं किमान वेतनाची अधिसूचना काढली. दिल्ली सरकारनेंही त्याच वर्षीं या शिफारशींप्रमाणें हुकूम काढला व २०१९ सालीं तेथील उच्च न्यायालयानें तो उचलून धरला. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, असें म्हणून हात झटकणारांस कायदेपंडितांचा आधार मिळेल. धर्मादाय हा शब्द पाटीवर लिहिणारांस तो शोभणार नाहीं. कित्येक ठिकाणीं तर परिचारिकेचीं मूळ प्रमाणपत्रें कामावर घेतांना अडकवून ठेवतात व सोडून जावयाचें तर रक्कम भरा म्हणतात. सावकारी पाशांतून कुळांस सोडविण्यासाठीं ज्या महाराष्ट्रांत एकोणिसाव्या शतकांत दंगे झाले, त्या महाराष्ट्रांत सुशिक्षित स्त्रीचे कागद गहाण पडावे!

यावर उत्तर येईल तें आम्हांस ठाऊक आहे. ‘आम्हीं शेंकडा १० खाटा निर्धनांस फुकट व तितक्याच दुर्बळ घटकांस सवलतीनें देतों, वर पगार वाढविला तर संस्था बुडेल.’ लहान संस्थांची अडचण खरी आहे आणि तीबद्दल सरकारपाशीं भांडावयास आम्हीं त्यांच्याबरोबर येऊं. परंतु संगमरवरी दिवाणखाना, दरवर्षीं नवें यंत्र व रस्तोरस्तीं जाहिराती यांस ज्यांच्यापाशीं पैसा आहे, त्यांनीं हें रडगाणें गाऊं नये. गरिबास खाट फुकट दिली आणि खाटेपाशीं कोणी ठेवलें नाहीं, तर त्या दानाचें पुण्य लाकडास लागेल, रोग्यास नव्हे.

दाता अट घालूं शकतो, हें आमच्या व्यापाऱ्यांनीं फार पूर्वीं सिद्ध केलें आहे. परळच्या के. ई. एम. इस्पितळास जोडून शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या देणगींतून वैद्यकीय महाविद्यालय निघालें, तेव्हां तेथील अध्यापक सरकारी चाकरींतले नसून स्वतंत्र व लायक हिंदी गृहस्थच असावेत, अशी अट त्या देणगीस होती. त्या काळच्या राज्यकर्त्यांस ती रुचण्यासारखी नव्हती. तरी १९२६ सालीं महाविद्यालय सुरू झालें तें हिंदी अध्यापकांच्याच हातीं. त्या अटीनें हिंदी डॉक्टरास त्याच्याच देशांत प्रतिष्ठा मिळवून दिली. आज देणगी देणारास तशीच अट घालण्यास कोणाची मनाई आहे? रुग्णालयांत शुश्रूषा करणारी प्रत्येक व्यक्ति नोंदणीकृत असेल व तिचा नोंदणी क्रमांक दर्शनी फलकावर लागेल; अधिसेविका पदवीधर व व्यवस्थापन शिकलेली असेल आणि व्यवस्थापक समितीची ती मत देणारी सभासद असेल; परिचारिका अपुऱ्या आहेत असें तिनें लिहून दिल्यावर नव्या खाटा भरतां येणार नाहींत; एवढी तीन वाक्यें दानपत्रांत घालण्यास वकिलास अर्धा तास पुरे.

आणि नवें दानपत्र होईपर्यंत थांबण्याचेंही कारण नाहीं. वर्षाचे हिशेब मंजूर करण्याची सभा प्रत्येक संस्थेंत भरतेच. त्या सभेस विश्वस्तांनीं अधिसेविकेस बोलवावें, बसावयास खुर्ची द्यावी, आणि गेल्या महिन्यांत कोणत्या रात्रीं, कोणत्या विभागांत, किती रोग्यांमागें किती नोंदणीकृत परिचारिका हजर होत्या, हें विचारावें. उत्तर लेखी घ्यावें व तें जसेंच्या तसें सभेच्या इतिवृत्तांत नोंदवावें.